हात वगळून डब्याची बातमी

जगन,

तुझ्या जाण्याची बातमी आमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर आली. खालच्या कोपऱ्यात, एका कॉलमात. मथळा होता, ‘अपंगत्वावर मात करणाऱ्या जगन यांचे निधन’. आत कंपनीतल्या अपघाताचा उल्लेख होता, हाताचा होता, जिद्द हा शब्द दोनदा होता. तू घरी बनवलेल्या गेमच्या डब्याचा उल्लेख नव्हता. ती बातमी मी लिहिलेली नाही. मी त्या दिवशी शेणव्यात, तुझ्या ओटीवर होतो. बातमी शहापूरच्या वार्ताहरानं पाठवली आणि डेस्कवरच्या माणसानं तिला मथळा दिला. दोघांनीही रोजचं काम रोजच्यासारखं केलं. तू असतास तर पेपर घडी करून माझ्यापुढं टाकला असतास आणि म्हणाला असतास, “बग. परत हातच.”

एक दुरुस्ती करायला हवी. बातमीत ‘हात गमावला’ असं छापलं आहे. हात होता. डाव्या हाताची बोटं गेली होती, अंगठा शाबूत होता. तू हे ज्याला त्याला सांगायचास, पण छापून कधी आलं नाही.

आपला वाद अर्धा राहिला आहे. मी म्हणत होतो, हात सोडून त्या डब्याची बातमी होत नाही. तू म्हणत होतास, झाली पाहिजे. तेरावा झाल्यावर मी परत कामावर आलो आणि ठरवलं, आधी हे लिहून काढावं. यात हात येणार, कारण हे तुला लिहितो आहे आणि तुला तो माहीत आहे. बातमी शेवटी देतो.

शहापूरच्या बाजारात, एसटी स्टँडकडून आत येणाऱ्या गल्लीत, एका गाळ्याला गोणपाटाचा पडदा असायचा. पडद्यामागं व्हिडिओ गेमच्या मशिनी होत्या. माणसाएवढी उभी कपाटं, पोटाच्या उंचीवर फळी, फळीवर डावीकडं दांडा आणि उजवीकडं बटणं. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. ‘मशीनला लाथ मारू नये’ असं त्यानं पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, आणि ते वाचूनच नव्या पोराला लाथ मारायचं सुचायचं. आपण दोघं शेणव्याहून कॉलेजला म्हणून निघायचो आणि बऱ्याचदा त्या पडद्याआड पोचायचो. बाकीचे दांडा मुठीत आवळायचे. तू हात उताणा धरायचास आणि दांडा दोन बोटांच्या बेचक्यात घ्यायचास. तुझं कोपर हलत नसे. हलायचं ते मनगट, तेही थोडं. गिऱ्हाईक कमी असलं की शेठ टोकनांचा डबा काखेत मारून तुझ्यामागं येऊन उभा राहायचा. तो मशीनच्या पडद्याकडं, गेमकडं बघायचा. तुझ्या हाताकडं त्यानं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मी बरा खेळायचो, एवढंच. मला गेमपेक्षा तू कसा हरतोस याची उत्सुकता असायची, कारण ते क्वचित घडायचं.

पुढं मी कल्याणला पेपरात लागलो आणि तू मुरबाडला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसच्या खात्यात. सरळगावमार्गे जाऊन येऊन करायचास. प्रेसवर जे झालं ते झालं. त्याबद्दल तू माझ्याशी कधी बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारणं हा माझा पेशा आहे. तरी नाही विचारलं.

जखम भरल्यावर तूच मला म्हणालास, चल शेठकडं. आपण गेलो. पोरं नवीन होती. त्यांनी तुला जागा दिली, आणि तिथंच बिघडलं. आपल्या वेळी त्या गाळ्यात कोणी कोणाला जागा देत नसे, कोपरानं घ्यावी लागायची. तू उजवा हात डावीकडं नेऊन दांडा धरलास आणि डाव्या हाताचा तळवा त्याच्याखालून काढून बटणांवर ठेवलास. एकावर एक हात. विमानांचा गेम होता. तू चांगला चालला होतास, जुन्यासारखा नाही, पण चांगला. मी बाजूला उभा होतो, त्यामुळं मला पोरांचे चेहरे दिसत होते. त्यातला एकही पडद्याकडं वळलेला नव्हता. तुझं विमान हवेत असतानाच तू दांडा सोडलास आणि पडदा सारून बाहेर गेलास.

स्टँडवर आपण रसवंतीपाशी थांबलो.

“सगळी हाताकडं बगत व्हती,” तू म्हणालास.

“नवीन पोरं आहेत.”

“इमान पडलं आसतं तरी एकाला कळलं नसतं रे.” रसाचा ग्लास संपवून तू म्हणालास, “घरी बनवू. घरात कोण बगतंय.”

तुला काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. तुला पुन्हा खेळायचं होतं, आणि बघणाऱ्यानं खेळ बघावा अशी तुझी अट होती. पुढची सगळी खटपट त्या अटीसाठी होती. सुतारकाम, वायरी, माझ्याशी भांडण, सगळं.

घरात जागा एकच होती. ओटीवर खिडकीखाली मंदावहिनींची शिलाई मशीन होती, पायाची. तिथंच उजेड आणि तिथंच प्लग. गावातल्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर शिवले जात, त्यामुळं गिऱ्हाईक आलं की मशीन मोकळी करून द्यायची, असं वहिनींनी सुरुवातीलाच बजावलं. म्हणजे तुझा डबा मशीनच्या टेबलावर बसेल एवढाच हवा होता आणि तुला तो उजव्या हातानं उचलून खाली ठेवता यायला हवा होता. शेठकडची मशीन हलवायला चार माणसं लागायची. तू तिचं लेकरू म्हणावं एवढी आवृत्ती करायला निघालास.

सामान हळूहळू जमलं. शेठ गाळ्यात एसटीडी आणि झेरॉक्स टाकणार होता, मशिनी भंगारात चालल्या होत्या. तू ज्या मशीनवर खेळायचास तिचा दांडा त्यानं स्वतः खोलून दिला. “ने जगन्या. तूच झिजवलायस,” म्हणाला. टीव्ही मिळाला तो पानटपरीवर मॅचसाठी ठेवतात तसला छोटा, काळा-पांढरा. मी म्हटलं, रंगीत घे, शत्रूचं विमान लाल आहे की निळं ते कळणार कसं. रंगीत टीव्हीचं वजन तू हातात तोलून बघितलं होतंस. “आकार बग ना,” म्हणालास, “रंग काय बगतो? तुमचा पेपर पण काळा-पांढराच हाय.” ते त्या वेळी खरं होतं.

गेम चालवायला कॅसेटवाला साधा व्हिडिओ गेम घेतलास, घरच्या टीव्हीला लावतात तो. त्याचा हातातला रिमोट खोलून आतल्या सर्किटच्या तांब्याच्या पट्ट्या ब्लेडनं खरवडल्यास आणि एकेका पट्टीला वायर जोडून ती दांड्याखालच्या स्विचांपर्यंत नेलीस. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, कथलाची तार तू कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायचास आणि चिमटा अंगठ्यानं तळव्याशी दाबायचास. मी पट्टी धरून बसायचो. दांडा उजवीकडं आला. डावीकडं, बॉम्ब टाकायला, दारावरच्या घंटीचं मोठं बटण बसवलंस, तळव्यानं दाबायला. गोळीचं बटण उरलं होतं. मग एका रविवारी मी आलो तेव्हा शिलाई मशीनच्या पायडलखाली आडवा झोपलेला दिसलास. गोळी पायानं झाडायची होती. पायडल दाबलं की मशीनचं चाकही फिरायचं, म्हणून खेळण्याआधी चाकाचा पट्टा काढावा लागे. खेळ संपल्यावर तो परत चढवायला तू हमखास विसरायचास.

“मशीन माझी, पट्टा माझा, आन् पाय ह्यांचा,” वहिनी मला सांगायच्या. “लिवा तुमच्या पेपरात.”

तुझ्या पहिल्या डब्याचं कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. वजन कमी हवं म्हणून तू तो कारवीच्या काटक्यांचा केलास, घराचा कूड बांधतात तसा, आणि आईला सारवायला दिलास. तुझा हिशेब सरळ होता. कुडाचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, तर टीव्हीही थंड राहील. तुझी आय शेणामातीचं घमेलं घेऊन त्याच्यापुढं बसली.

“ही चूल हाय का देव्हारा?”

“तू सारव गो आय.”

“तोंड कुठं हाय त्याला? चुलीला तोंड आसतं.”

तिनं आतून-बाहेरून हात फिरवला, कडेनं चुन्याची रेघ ओढली. वाळल्यावर तो डबा देखणा दिसत होता. मला तर तोच आवडला होता. काही दिवस चाललाही छान. मग माती सुकत गेली, घंटीच्या बटणाचे दणके बसू लागले आणि सारवणाची धूळ दांड्याखालच्या स्विचांत उतरली. विमान आपोआप डावीकडं ओढायला लागलं. तू दांडा उजवीकडं दाबून धरायचास आणि विमान डावी कड सोडायचं नाही. आय शेजारी वाल सोलत बसली होती. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “त्याला घरी जायचं आसंल.”

वहिनींना हसू आवरेना. “सारवल्या घरात धूळ पडते ते ह्यांना म्हाईत नाय. झाडतंय कोण रोज?”

तो डबा तू मोडलास. कारवी परसात पडवळाच्या मांडवाला लावलीस. दुसरा केलास तो पातळ प्लायचा, आणि त्याचे सांधे गणपतीच्या मखराचे. तुमच्या घरचं मखर दरवर्षी तूच करायचास. खिळा नाही, खाचेत खाच, विसर्जनानंतर घडी करून माळ्यावर. डबाही तसाच झाला. मागची फळी सरकवली की आतलं सगळं समोर. पाठीला हवेसाठी जाळी ठेवलीस ती मात्र कारवीचीच, न सारवता. वर मधोमध एक कडी. ती कुठली म्हणून विचारलं तर म्हणालास, जुन्या पत्र्याच्या पेटीची.

यानंतरचे रविवार मला सगळ्यात नीट आठवतात, आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. मी कल्याणहून यायचो, आसनगावला उतरून पुढं शेणव्याला. तू पट्टा काढून तयार असायचास. दांडा एकच, त्यामुळं आळीपाळीनं खेळायचं. माझं विमान पडलं की तू म्हणायचास, “मेलास. ऊठ,” आणि मी स्टूल सोडायचो. तुझं पडलं की तू न सांगता उठायचास. मी सवयीनं डावा हात दांड्याकडं न्यायचो आणि तिथं घंटीचं बटण असायचं. पायानं गोळी मारणं जमायला मला बरेच महिने लागले. तोवर तू मला हरवत होतास, पूर्वीसारखाच. आयला त्यात रस नव्हता, पण शेजारच्या बाया ब्लाउज न्यायला आल्या की ओटीच्या कडेला टेकायच्या आणि बघायच्या. त्यांना तुझा हात लहानपणापासूनचा माहीत होता आणि अपघातानंतरचाही, त्यामुळं त्यांना त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या पडद्याकडं बघायच्या. “वरनं आला, वरनं,” एखादी ओरडायची. तू वळून बघायचा नाहीस, पण तुझे कान हलायचे. तेवढ्यापुरता तू शेठच्या गाळ्यात असायचास.

मला त्या रविवारांनी काय दिलं ते मोजून सांगता येणार नाही. आठवडाभर मी माणसांना दोन ओळींत बसवत असायचो. तुझ्या ओटीवर मला ते करावं लागत नव्हतं.

आणि मग मीच ते तिथं घेऊन आलो. आमच्या रविवारच्या पुरवणीला गावोगावच्या माणसांवर मजकूर हवा होता. मी कॅमेरा घेऊन आलो. तुला आधी आनंद झाला होता. तू डबा पुसून ठेवला होतास, कडीला तेल लावलं होतंस.

“तू शेजारी बस.”

“डब्याचा काढ.”

“माणूस लागतो फोटोत.”

“मंग उजवीकडनं काढ.”

मी कॅमेरा खाली ठेवला. म्हटलं, जगन, असं कसं चालेल. दांडा उजवीकडं का आला, बटण एवढं मोठं का, गोळी पायात का, हे वाचणाऱ्याला कळायला नको?

“दांडा उजवीकडं हाय. बटण मोठं हाय. गोळी पायात हाय. लिव.”

“का, ते?”

“का कशाला? मशीन बरी चालते का नाय, ते लिव.”

“अशा मशिनी घरी बनवणारे मुंबईत खूप असतील. त्यात बातमी काय?”

“मंग त्यांच्या हाताचं लिवतो का तू?”

मी बोलत राहिलो. म्हटलं, मथळा मी चांगला देईन, दया नसेल त्यात. तू म्हणालास, मथळा तू देत नसतोस, तूच सांगितलंय मला. तेही खरं होतं. डेस्कवर मी हात वगळून मजकूर दिला असता तर तो कोणी घेतला नसता, हे मला आजही तसंच वाटतं. हात घालून दिला असता तर पानावर वर लागला असता. मी दोन्ही केलं नाही. नंतर तू अधूनमधून विचारायचास, “काय पत्रकार, डब्याचं काय झालं?” आणि मी म्हणायचो, बघू. माझं म्हणणं असं होतं की तो डबा तुझ्या हाताच्या मापानं कापलेला आहे. हात बाजूला काढला की डब्यात काही अर्थ उरत नाही, नुसती उलटी बसवलेली बटणं उरतात. तू म्हणायचास, चांगली वस्तू कोणालाही चालते. असे दोन्ही बाजूंनी आपण थांबलो होतो. मला वाटत होतं, वेळ आहे.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा शेणव्याला गेलो होतो. डबा मशीनवर तसाच होता, तू शेवटचा ठेवलास तिथं. कोणीतरी त्यावर टॉवेल टाकला होता. इतक्या माणसांच्या येण्याजाण्यात त्याला कोणी हात लावला नव्हता. आय खांबाला टेकून होती. शेजारची एक बाई आली आणि उंबऱ्याशी घुटमळली. तिच्या हातात ब्लाउजपीस आणि मापाचा जुना ब्लाउज होता.

“पोरीचं लगीन हाय गो मंदा, नायतर नसती आली आताच.”

“आन.”

“ऱ्हाऊ दे. पुढच्या हप्त्यात...”

“आन म्हणलं ना.”

वहिनींनी ब्लाउजपीस आणि माप डाव्या हातात घेतलं. मग डब्यापाशी उभ्या राहिल्या. आय म्हणाली, “ह्या भाऊला सांग, उचलंल.” ती माझ्याबद्दल म्हणत होती, आणि मी उठलोही. पण वहिनींनी टॉवेल बाजूला केला, उजव्या हातानं कडी धरली, डबा उचलला आणि कणगीशेजारी जमिनीवर ठेवला. हातातलं कापड त्यांनी खाली ठेवलं नाही. नंतर त्या खाली वाकल्या आणि चाकाकडं बघून म्हणाल्या, “पट्टा काढूनच गेले.”

त्यांनी पट्टा चढवला, हाताला लागलेलं तेल पदराला पुसलं आणि त्या बाईला गळा केवढा ठेवायचा ते विचारायला लागल्या.

वहिनींचे दोन्ही हात शाबूत आहेत. एका हातात कापड होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्यानं डबा उचलला. त्यात तुझा हात कुठंच नव्हता. मी ते समोर बसून बघितलं आहे. आपल्या वादात मी एवढी वर्षं जे म्हणत होतो ते त्या वेळी संपलं. तुला कळवायला म्हणून मी खिडकीकडं बघितलं, तर तिथं स्टुलावर वहिनी बसल्या होत्या आणि शिलाई मशीन चालू झाली होती.

बातमीत विशेषण चालत नाही, म्हणून ते इथं लिहितो. डबा चांगला आहे. मी तुला ‘चांगला आहे, पण’ असं नेहमी म्हणायचो. नुसतं चांगला आहे असं एकदाही म्हटलं नाही.

आता बातमी. ही छापून येईल असं मी सांगत नाही. लिहून डेस्कवर दिली आहे.

‘शेणवा (ता. शहापूर): येथील जगन यांनी घरी बनवलेली व्हिडिओ गेमची मशीन वापरात आहे. मशीन शिलाई मशीनच्या टेबलावर मावते. पेटी पातळ प्लायवूडची असून तिला खिळे नाहीत; सांधे खाचेचे आहेत. मागची फळी सरकवून दुरुस्ती करता येते. हवेसाठी पाठीला कारवीची जाळी आहे. पडदा छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीचा आहे. दांडा उजवीकडे आहे, डावीकडे एक मोठे बटण आहे आणि गोळीचे बटण शिलाई मशीनच्या पायडलखाली आहे. खेळणारा स्टुलावर बसून खेळतो. आधीची पेटी कारवीची व सारवलेली होती. धूळ पडत असल्याने ती बदलण्यात आली. खेळण्यापूर्वी शिलाई मशीनचा पट्टा काढावा लागतो व नंतर तो परत चढवावा लागतो. पेटीला वर कडी आहे. शिवणकाम आले की पेटी एका हाताने उचलून खाली ठेवता येते. मशीन व्यवस्थित चालते.’

यात हात एकदा आला आहे, जगन. तो मंदावहिनींचा आहे.